छेदबिंदूवरचे आकाश

मुंबईच्या विमानतळाची ताकद आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी एका छेदबिंदूत सामावल्या आहेत. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. पूर्व-पश्चिम पसरलेली मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी दुसरी तिच्याहून आखूड आहे, आणि या दोन्ही एकमेकींना छेदत असल्यामुळे एकीवर विमान धावत असताना दुसरीवरून विमान सोडता येत नाही. नकाशावर दोन धावपट्ट्या मिरवणारा हा विमानतळ व्यवहारात एकाच धावपट्टीवर चालतो. तरीही ८ डिसेंबर २०१८ रोजी येथे चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली. भागाकार केला, तर दर ८६ सेकंदांना एक विमान उतरले किंवा उडाले असा त्याचा अर्थ होतो, आणि तोही पहाटेचे तुलनेने निवांत तास हिशेबात धरून.

‘न दिसणारी माणसे’ हे यंदाच्या अंकाचे सूत्र ठरल्यावर हवाई वाहतूक नियंत्रकाची आठवण होणे स्वाभाविक होते. प्रवाशाला वैमानिकाचा आवाज ऐकू येतो, हवाई सेविका दिसते, सामान चढवणारा कामगार खिडकीतून दिसतो. परंतु विमान जागचे हलल्यापासून दुसऱ्या गावी थांबेपर्यंत ज्यांच्या अनुमतीवाचून वैमानिक एकही वळण घेत नाही, त्या माणसांचे अस्तित्व प्रवाशाला फार तर ‘वाहतुकीच्या गर्दीमुळे उशीर होत आहे’ या घोषणेतून जाणवते.

जरीमरीहून दिसणारी रांग

कुर्ला-अंधेरी रस्त्यावरील जरीमरीच्या परिसरात संध्याकाळी उभे राहिले, तर या कामाचा परिणाम उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. घाटकोपरच्या घरांवरून आणि लालबहादूर शास्त्री मार्गावरून विमान इतके खाली येते की त्याची चाके मोजता येतात. ते डोक्यावरून जाते न जाते तोच पूर्वेला, ठाणे खाडीच्या बाजूला, पुढचा दिवा मोठा होऊ लागलेला असतो, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्या मागे आणखी तीन-चार दिवे एका अदृश्य दोरीत ओवल्यासारखे दिसतात. वस्तीतली मुले या आवाजाला सरावलेली असतात; बोलणारी माणसे वाक्याच्या मध्येच थांबतात आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे बोलू लागतात.

ही रांग आपोआप लागत नाही. दिल्ली, दुबई, बंगळूर, कोलकाता अशा निरनिराळ्या दिशांनी, निरनिराळ्या उंचीवरून आणि वेगाने येणारी विमाने एकामागे एक, ठरावीक अंतराने एका रेषेत आणण्याचे काम ‘अप्रोच’ विभागातले नियंत्रक करीत असतात. एकाला वेग कमी करायला सांगायचे, दुसऱ्याला दहा अंश उजवीकडे वळवून वाट थोडी लांबवायची, तिसऱ्याला समुद्रावर लंबगोल फेऱ्या मारत थांबवायचे, आणि हे करताना कोणत्याही दोन विमानांमध्ये उभे १,००० फूट किंवा आडवे तीन सागरी मैल यांपैकी किमान एक अंतर शाबूत राहील हे पाहायचे, असे त्या कामाचे स्वरूप असते. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. विमानतळापासून दूर, उंचावरून चालणाऱ्या वाहतुकीत आडवे अंतर सामान्यतः पाच सागरी मैलांचे ठेवले जाते.

अठ्ठ्याहत्तर सेकंदांचा हिशेब

मुंबईच्या धावपट्टीवरून गर्दीच्या तासात ४६ विमानांची ये-जा होत असे. तासाच्या ३,६०० सेकंदांना ४६ ने भागले की ७८ सेकंद येतात, आणि या विमानतळाचे सारे व्यवस्थापन या ७८ सेकंदांभोवती फिरत असे. अखेरच्या टप्प्यात येणाऱ्या प्रवासी विमानाचा वेग साधारण १४० नॉट, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास असतो. या वेगाने तीन सागरी मैल कापायला सुमारे ७७ सेकंद लागतात. उतरणाऱ्या दोन विमानांच्या मध्ये एक विमान उडवायचे असेल, तर त्यांच्यातील अंतर जवळजवळ दुप्पट करावे लागते; पहिले विमान टेकून धावपट्टीबाहेर पडायला हवे, वाट पाहणारे विमान धावपट्टीवर येऊन उभे राहायला हवे, त्याने वेग घेऊन जमीन सोडायला हवी, आणि हे सारे मागचे विमान धावपट्टीच्या उंबरठ्यावर पोहोचण्याआधी घडायला हवे.

या साखळीत काही सेकंदांचीही चालढकल खपत नाही. उतरलेल्या विमानाला लवकर बाहेर पडता यावे म्हणून मुख्य धावपट्टीला तिरके फाटे जोडलेले असतात. काटकोनात वळायचे तर विमानाला वेग फार कमी करावा लागतो, तिरक्या फाट्यावर ते बऱ्याच वेगाने वळू शकते. एखाद्या वैमानिकाने सोयीचा पहिला फाटा सोडून पुढचा घेतला, तर प्रवाशाला त्यात काहीच वावगे वाटणार नाही. नियंत्रकाच्या लेखी मात्र मागच्या विमानाचा निर्णय तिथे बदलू शकतो. उलट बाजूने पाहिले, तर तासाभरात उतरणाऱ्या वीस-बावीस विमानांनी प्रत्येकी दहा सेकंद वाचवले की दोनशेहून अधिक सेकंद हाती येतात, म्हणजे आणखी दोन-तीन विमानांची सोय होते. मुंबईची क्षमता गेल्या दोन दशकांत वाढली त्यात काँक्रीटचा वाटा आहेच, पण वैमानिक आणि नियंत्रक यांच्या सवयींत झालेल्या अशा बारीक सुधारणांचा वाटाही मोठा आहे.

गणित एवढ्यावर संपत नाही, कारण सर्व विमाने सारखी नसतात. उडणारे विमान पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे सोडत जाते. विमान जितके जड तितके ते प्रबळ असतात, आणि मागून येणारे हलके विमान त्यांत सापडले तर कलंडू शकते. म्हणून वजनानुसार विमानांचे वर्ग ठरवलेले आहेत. लांब पल्ल्याचे बोइंग ७७७ पुढे असेल आणि त्याच्यामागे एअरबस ३२० सारखे मध्यम विमान येत असेल, तर दोघांत पाच सागरी मैल सोडावे लागतात. एअरबस ३८० पुढे असेल तर सात. कोणते विमान कोणामागे लावायचे, हा निर्णय नियंत्रक विमानतळापासून साठ-सत्तर किलोमीटर अंतरावरच घेऊन टाकतो. जड विमाने शक्यतो एकामागे एक लावली, तर वाया जाणारे अंतर कमी होते. मात्र त्यासाठी एखाद्या हलक्या विमानाला जास्त वेळ थांबवले, तर त्याच्या इंधनाचा विचार करावा लागतो.

पावसाळ्यात या हिशेबाला वेगळेच वळण लागते. सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ती वेधशाळा विमानतळालगतच आहे, आणि मिठी नदी विमानतळाच्या हद्दीतून धावपट्टीखालून वाहते, यावरून या भूमीचा स्वभाव लक्षात यावा. ओल्या धावपट्टीवर विमान थांबायला जास्त लांबी लागते, वैमानिक फाटा घेण्याची घाई करीत नाही, धावपट्टी दिसली नाही तर तो उतरणे सोडून पुन्हा वर जातो. ‘गो-अराउंड’ नावाने ओळखली जाणारी ही कृती पूर्णपणे सुरक्षित आणि शिकवणुकीतलीच असते, पण त्या विमानासाठी रांगेत नव्याने जागा काढावी लागते आणि मागच्या सगळ्यांचा क्रम हलतो. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या टोकापुढे जाऊन रुतले, तेव्हा ते बाहेर काढेपर्यंत काही दिवस मुंबईला आखूड धावपट्टीवर भागवावे लागले, आणि शेकडो उड्डाणे रद्द झाली.

सेकंद किती ताणायचे यालाही मर्यादा असते. ८ जून २०२४ रोजी याच धावपट्टीवर एक विमान उड्डाणासाठी धावत असताना त्याच्यामागे दुसरे विमान टेकल्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. पुढचे विमान सुखरूप उडाले, नियंत्रकाला कामावरून दूर करून चौकशी सुरू झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने मुंबईतील गर्दीच्या तासांची मर्यादा ४६ वरून ४४ वर आणि इतर तासांची ४४ वरून ४२ वर आणली होती. आकाशात चाळीस मिनिटे घिरट्या घालणारे एक विमान सुमारे १.७ किलोलिटर इंधन जाळते, हा हिशेब त्या निर्णयामागे मांडला गेला होता. ७८ सेकंदांचे ८२ झाले, एवढाच या निर्णयाचा आकड्यातला अर्थ. परंतु चार सेकंदांची ती सवड चुकीला सावरण्यासाठी ठेवलेली जागा आहे, आणि विमान कंपन्यांनी तिच्याकडे वाया गेलेली क्षमता म्हणून पाहणे सर्वस्वी गैर आहे.

हातोहात

बाहेरून पाहणाऱ्याला सारे नियंत्रण ८३.८ मीटर उंचीच्या मनोऱ्यातून होते असे वाटते. मुंबईचा हा मनोरा २०१४ च्या आरंभी वापरात आला आणि तेथून धावपट्टीची दोन्ही टोके स्वच्छ दिसतात. पण मनोऱ्याची सत्ता विमानतळ आणि त्याच्या लगतच्या आकाशापुरतीच असते. प्रवासाची सुरुवात ‘डिलिव्हरी’ या जागेवरून होते, जिथे वैमानिकाला त्याचा मार्ग, आरंभीची उंची आणि चार आकडी संकेतांक मिळतो. ‘ग्राउंड’ त्याला टॅक्सी मार्गांच्या जाळ्यातून धावपट्टीपर्यंत नेतो, ‘टॉवर’ उड्डाणाची परवानगी देतो, जमीन सोडल्यावर थोड्याच वेळात रडारच्या पडद्यापुढे बसलेला नियंत्रक त्याला ताब्यात घेतो, आणि पुढे उंचावरच्या वाहतुकीसाठी ‘एरिया’ नियंत्रण असते. प्रत्येक वेळी वैमानिक रेडिओची लहर बदलतो आणि नव्या आवाजाशी बोलू लागतो. मागचा नियंत्रक आपल्या हातातली जबाबदारी पुढच्याने स्वीकारल्याशिवाय सोडत नाही.

तो चार आकडी संकेतांक विमानातील ट्रान्सपॉन्डर या यंत्रात भरला जातो. जमिनीवरच्या दुय्यम रडारने विचारणा केली की हे यंत्र संकेतांक आणि उंची कळवते, म्हणूनच पडद्यावरच्या ठिपक्याशेजारी विमानाचे नाव, उंची आणि वेग लिहून येतो. केवळ परावर्तित लहरींवर चालणाऱ्या जुन्या प्राथमिक रडारला विमान कुठे आहे ते कळते, किती उंचीवर आहे ते कळत नाही. अलीकडे विमान उपग्रहांच्या आधारे आपले स्थान स्वतःच सतत प्रक्षेपित करते, आणि ते टिपणारी केंद्रे देशभर उभी राहिली आहेत.

भारताचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार माहिती-क्षेत्रांत वाटलेले आहे. त्यांपैकी मुंबईच्या वाट्याला अरबी समुद्राचा अफाट विस्तार आलेला आहे, जिथे किनाऱ्यावरचे रडार पोहोचत नाही. तिथे वैमानिक लांब पल्ल्याच्या रेडिओवरून किंवा उपग्रहामार्फत मजकूर पाठवून आपले स्थान कळवतो, आणि विमानांमधली अंतरे कितीतरी मोठी ठेवावी लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना गुजरात आणि अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला, आणि या सागरी पट्ट्यावरचा भार वाढला.

एका शब्दाची किंमत

नियंत्रक आणि वैमानिक यांची भाषा कोरडी, ठोकळेबाज वाटते. ती तशी असण्यामागे मोठी मनुष्यहानी आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर आदळून ५८३ जण मृत्युमुखी पडले. एका वैमानिकाने उड्डाणाची परवानगी मिळाली आहे अशा समजुतीने विमान सोडले होते; मिळाली होती ती उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारला जातो, एरवी ‘डिपार्चर’ म्हटले जाते. सांगितलेली प्रत्येक उंची, दिशा आणि परवानगी वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची, हा शिरस्ताही याच काळजीतून पक्का झाला.

भारताने हा धडा १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर गिरवला. दिल्लीहून निघालेले सौदी बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्युशिन ७६ आकाशात धडकले आणि ३४९ माणसे गेली. सौदी विमानाला १४,००० फुटांवर, तर कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले. नियंत्रकाच्या सूचना बिनचूक होत्या, पण येण्या-जाण्यासाठी एकच हवाई वाट होती, आणि उंची दाखवणारे दुय्यम रडार दिल्लीत तेव्हा कार्यान्वित झालेले नव्हते, त्यामुळे घसरणारी उंची पडद्यावर दिसण्याची सोयच नव्हती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि समोरच्या विमानाचा धोका ओळखून वैमानिकाला वर किंवा खाली जाण्याची आज्ञा देणारे टक्कर-प्रतिबंधक यंत्र सक्तीचे झाले.

टपालखाना बंद पडला तेव्हा

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्ली विमानतळावर आठशेहून अधिक उड्डाणांना उशीर झाला. धावपट्टी, रडार आणि रेडिओ जागच्या जागी होते. बिघडली होती ती संदेशांची स्वयंचलित ने-आण करणारी यंत्रणा. प्रत्येक उड्डाणाआधी विमान कंपनी मार्ग, उंची, वेग, इंधन यांचा आराखडा दाखल करते आणि ही यंत्रणा टपालखात्याप्रमाणे तो वाटेतल्या प्रत्येक नियंत्रण केंद्राकडे पोहोचवते. ती थांबताच नियंत्रकांना हे आराखडे हाताने भरावे लागले आणि तासाला हाताळता येणाऱ्या विमानांची संख्या कोसळली. जगातील सर्वांत गर्दीच्या विमानतळांपैकी एकाचे काम अशा एका दुव्यावर अवलंबून असावे आणि त्याला तितकाच सक्षम पर्याय तयार नसावा, हे व्यवस्थापनाचे अपयश होते.

याच सुमारास उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानात खोटे संकेत मिसळण्याचे प्रकार दिल्लीजवळ घडले. सीमाभागात ते नवे नाहीत. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या पट्ट्यात, अशा ४६५ घटना नोंदल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. उपग्रहांची मदत मोलाची आहे यात शंका नाही. विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी उभारलेल्या ‘गगन’ प्रणालीच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे प्रवासी विमान उतरवले गेले, आणि महागडी भू-यंत्रणा नसलेल्या लहान विमानतळांना तिचा मोठा आधार होऊ शकतो. तरीही जमिनीवरची जुनी दिशादर्शक केंद्रे मोडीत काढण्याची घाई करू नये, एवढे या घटनांनी दाखवून दिले आहे.

जमिनीवरच थांबवलेली विमाने

मुंबईत जागा नसेल तर पाटण्याहून निघणारे विमान पाटण्यातच थांबवावे, हा विचार आज साधा वाटतो. पण तो अमलात यायला देशभरच्या वाहतुकीचे एकत्रित चित्र एका ठिकाणी दिसावे लागते. दिल्लीतील वाहतूक-प्रवाह केंद्र पुढच्या काही तासांत कोणत्या विमानतळावर किती विमाने येणार आणि तिथे किती सामावतील याचा मेळ घालते, आणि जादा विमानांना उड्डाणाच्या वेळा नेमून देते. आकाशातल्या घिरट्यांत जळणारे इंधन त्यामुळे वाचते. विमानात बसून, दरवाजे बंद करून ताटकळणाऱ्या प्रवाशाचा राग समजण्यासारखा आहे. मात्र त्याचा उशीर जमिनीवर झाला नसता, तर तो समुद्रावर गोल फिरताना झाला असता. विमान कंपनीने इंजिन सुरू होण्याची खरी वेळ कळवली, सामान, इंधन आणि प्रवासी यांचा मेळ विमानतळाने राखला, तरच नेमलेली वेळ पाळता येते. म्हणून या साऱ्यांची माहिती एकाच पटावर आणणारी सामाईक निर्णयपद्धती मोठ्या विमानतळांनी स्वीकारली आहे.

उलवे आणि नागपूर

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथे प्रवासी वाहतूक सुरू झाली. उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून तयार केलेल्या या भूमीवर पुढे दोन समांतर धावपट्ट्या असतील. त्यांतील अंतर सुमारे दीड किलोमीटरचे ठेवलेले असल्याने दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येतील. सांताक्रूझला जे कधीच शक्य नव्हते ते तिथे शक्य होईल. मात्र जमीन वेगळी असली तरी आकाश वेगळे नाही. दोन्ही विमानतळ सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आसपास अंतरावर आहेत, पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग आहे, दोन्हींच्या मुख्य वाटा जवळजवळ सारख्या दिशेच्या आहेत. एकीकडून उडालेले विमान दुसरीकडे उतरणाऱ्याच्या वरून किंवा खालून न्यावे लागते, आणि एकीकडच्या ‘गो-अराउंड’ची वाट दुसरीकडच्या रांगेत घुसणार नाही अशी आधीच आखावी लागते. जुहूच्या हेलिकॉप्टरांची तेलक्षेत्राकडे होणारी ये-जा, लोहगावचे हवाई दलाचे आकाश आणि किनाऱ्यालगतचा नौदलाचा वावर यांचाही मेळ त्यात घालायचा असतो. भारताच्या आकाशाचा सुमारे ६० टक्के भागच नागरी विमानांना मुक्तपणे वापरता येतो, असे सरकारने २०२० मध्ये सांगितले होते. लष्करी सराव नसताना राखीव पट्टे नागरी वाहतुकीला खुले करण्याची पद्धत तेव्हापासून वाढीस लागली.

याहून मोठी कल्पना नागपूरची आहे. चारही माहिती-क्षेत्रांची वरची वाहतूक नागपुरातील एका केंद्रातून एकसंधपणे हाताळण्याच्या ‘ईशान’ प्रकल्पासाठी प्राधिकरणाने २०२४ मध्ये प्रस्ताव मागवले. नागपूरला आकाशाचे मध्यवर्ती ठाणे होण्याची सवय जुनी आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालसेवेची विमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून मध्यरात्री इथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत जात. एकसंध आकाशात विमानाला क्षेत्राच्या सीमेपाशी उंची किंवा वाट बदलावी लागणार नाही, आणि हाती घेण्या-देण्याचे टप्पे कमी होतील. परंतु देशाचे सारे वरचे आकाश एका इमारतीतून चालवायचे असेल, तर दिल्लीतल्या बंद पडलेल्या टपालखान्याचा अनुभव आराखड्याच्या पहिल्या पानावर असला पाहिजे, आणि तशीच दुसरी, चालू स्थितीतली इमारत अन्यत्र उभी असली पाहिजे.

यंत्रांपेक्षा अवघड प्रश्न माणसांचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षिततेचा आढावा घेताना नियंत्रकांची अपुरी संख्या आणि त्यांचा थकवा यांकडे स्पष्टपणे लक्ष वेधले. विमानतळाची इमारत खासगी कंपनीने चालवली तरी आकाशाचे नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाकडेच असते, त्यामुळे ही जबाबदारी सरकारला टाळता येणार नाही. नियंत्रक घडवणे हे रडार विकत घेण्यासारखे नसते. विज्ञान किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाच्या केंद्रात शिकतो, मग एखाद्या विमानतळावर अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून, त्याच्या देखरेखीखाली खऱ्या विमानांशी बोलत एकेक जागेची पात्रता मिळवतो. मुंबईच्या अप्रोचसारख्या जागेवर एकट्याने बसण्याइतका तयार व्हायला त्याला वर्षे लागतात. उलव्याच्या दुसऱ्या धावपट्टीवरची विमाने ज्याने हाताळायची आहेत, तो नियंत्रक आजच कुठल्यातरी प्रशिक्षणवर्गात बसलेला असला पाहिजे. तो नसेल, तर तयार धावपट्टीही रिकामी ठेवावी लागेल.